निकालाआधी पट मोजा



लावणीची नोंद झाली म्हणजे ऊस गव्हाणीत पडला, असे आपण धरत नाही. उगवण मोजतो, तुटाळ दिसली की नांग्या भरतो. मग शाळेचा हिशेब दहावीच्या निकालावरच का? तो निकाल परीक्षेला बसलेल्यांचा असतो. समजा, आठवीत ६० मुले होती. दहावीला ४५ बसली, ४३ पास झाली. निकाल ९५ टक्क्यांवर, पेढे वाटले! राहिलेली १५ कुठे गेली? दुसऱ्या शाळेत गेली ती गळती नव्हे; कुठेच नाव नाही, ती खरी गळती.

सरकारी गळतीचा आकडाही एका वर्षाचा असतो. वर्षाला १० टक्के धरले तरी दोन वर्षांत १०० चे ८१ उरतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १४ वर्षे वयापर्यंतच. पुढची राखण आपल्यालाच करायची आहे.

म्हणून पालकसभेत विचारा : आठवीतल्या किती जणांनी दहावी पुरी केली? बाकीची मुले, विशेषतः मुली, कुठे आहेत? आणि तोडणी मजुरांची मुले विसरू नका. त्यांचे नाव गावाकडच्या पटावर, आणि मूल आपल्या फडातल्या कोपीत. त्यांची गळती कोण मोजणार?

— ऊस विकास अधिकारी