जुन्याआधी नवा कागद

वस्तुसंग्रहालयात शिरणाऱ्या प्रेक्षकाची नजर पहिल्याने शस्त्रांवर जाते, तेथून मूर्तींवर आणि दागदागिन्यांवर रेंगाळते, आणि पाय दुखू लागल्यावर अखेरच्या दालनात काचेखाली मांडलेले चार पिवळे कागद पुढे आले, तर त्यांच्यावरून ती सहज निसटून दाराकडे वळते. प्रेक्षकाला याबद्दल बोल लावण्याचे कारण नाही. परंतु हाच अनुक्रम संस्थांच्या अंदाजपत्रकांतही उतरतो तेव्हा मात्र चिंता वाटते. कारण तलवारीला वेळच्या वेळी तेल दिले की ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कागदाचे तसे नाही, आणि पुठ्ठ्याचे तर मुळीच नाही. कागदी वस्तूंच्या जतनाविषयी जी थोडीबहुत कळकळ आपल्याकडे आहे तीही बव्हंशी वयाचा मान पाहून चालते: शिवकालीन कागद आधी, पेशवेकालीन त्यामागून, आणि आजोबा-पणजोबांच्या काळातली हस्तपत्रके, रंगीत छापील चित्रे, लेबले, तिकिटे व खोकी ही सर्वांत शेवटी, जागा उरलीच तर. हा क्रम उलटा केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ढोबळमानाने १८७० ते १९७० या शंभर वर्षांतला जो कागद आपल्या संग्रहांत आहे, तो त्याच्या आधीच्या कागदाहून किती तरी अधिक वेगाने मरतो आहे; यास्तव पैसा, माणूस आणि जागा यांची वाटणी करताना पहिला हात त्याला लागला पाहिजे.

हे म्हणणे उफराटे वाटेल, पण त्याचे कारण कागदाच्या घडणीतच आहे. पेशवाईतल्या दफ्तरांना लागणारा कागद जुन्नर, दौलताबाद अशा ठिकाणच्या कारागिरांनी हाताने केलेला असे. जुने दोर, गोणपाट, चिंध्या भिजत घालायच्या, कुटून त्यांचा लगदा करायचा, साच्यावर त्याचा पातळ थर धरून वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, अशी ती कष्टाची रीत. तिच्यात वनस्पतीचा लांब, चिवट तंतू शाबूत राही आणि आम्लाचा शिरकाव फारसा होत नसे. कारकुनाची शाई काजळीची, म्हणजे कर्बाची. ती प्रकाशाने उडत नाही आणि कागदाला खातही नाही. असे कागद रुमालांत बांधून पुण्याच्या पेशवे दफ्तरात राहिले, आणि रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा शंभर-दोनशे वर्षांची ती मूळ पत्रे संपादकांना उलगडून वाचता आली. हाताने घडवलेल्या पुठ्ठ्याचीही कथा निराळी नाही. सावंतवाडीच्या गंजिफांची गोल पाने घ्या: कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, वर लाखेचा लेप देऊन ती बनवीत. दशावतारी गंजिफेच्या दहा रंगांची मिळून १२० पाने असतात, आणि खेळणाऱ्यांच्या हातांत वर्षानुवर्षे घासली जाऊनही जुन्या संचांतील चित्रांचे रंग आजही डोळ्यांत भरतात.

ही घडी एकोणिसाव्या शतकाने मोडली. १८०७ साली मोरित्झ इलिग नावाच्या जर्मनाने राळ आणि तुरटी यांच्या योगाने कागदाला खळ देण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली, आणि शतकाच्या मध्यानंतर चिंध्यांची जागा हळूहळू लाकडाच्या लगद्याने घेतली. कागद त्यामुळे अतोनात स्वस्त झाला, हे उपकार मान्यच केले पाहिजेत. स्वस्त कागदाखेरीज वृत्तपत्रही नसते आणि शाळाही खेडोपाडी पोचल्या नसत्या. परंतु तुरटीपासून कागदाच्या अंगात आम्ल तयार होते, लाकडातले लिग्निन प्रकाशाने पिवळे पडून त्यात भर घालते, आणि हे आम्ल तंतूंच्या लांब साखळ्या एकेक करून तोडीत राहते. कोणी हात न लावता, कसर न लागता, अंधाऱ्या कपाटात पडल्या पडल्या असा कागद आतून झिजत असतो. एके दिवशी कोपरा दुमडला की तो तुटून हातात येतो. गवताच्या पेंढ्यापासून केलेला स्वस्त पुठ्ठा या बाबतीत आणखीच दुर्बळ. म्हणजे पेशवाईतील पत्राची मुख्य भीती वाळवी, पाणी आणि आग यांची, आणि ती चांगल्या बंदोबस्ताने टाळता येते. १९३५ सालच्या हस्तपत्रकाचा शत्रू त्याच्या पोटातच आहे.

आणि याच दुबळ्या कागदावर आपल्या समाजाचे एक संपूर्ण शतक छापलेले आहे. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा काढली आणि देवादिकांची व मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर नेली. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी जर्मन यंत्रे आणि तंत्रज्ञ आणून मुंबईत छापखाना उभारला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, फ्रिट्झ श्लायखर या तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी देशभरच्या देवघरांना एक समान मुद्रा दिली. कित्येक घरांतल्या स्त्रियांनी या चित्रांवर जर, टिकल्या आणि कापडाची वस्त्रे चिकटवली, त्यामुळे अशा एका चित्रात कागद, वार्निश, धातू, सूत आणि सरस यांचा एकत्र संसार असतो, आणि त्यांतील प्रत्येकाची प्रकृती वेगळी. मळवलीचा तो छापखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला. आता त्याच्या कामाची साक्ष म्हणजे घरोघरची आणि संग्रहांतली ही छापील चित्रेच. कापडाच्या ताग्यांवरचे रंगीत छाप, ग्राइप वॉटरच्या जाहिरातीतला बाळकृष्ण, १९२३ साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीच्या अंबरनाथच्या कारखान्यातल्या काडेपेट्या, हीही त्याच बाजाराची अपत्ये. सामान्य माणूस काय विकत घेत होता, कोणत्या चित्रापुढे हात जोडीत होता आणि कोणत्या चित्राला भुलत होता, हे सनदा आणि फर्मानांतून कळत नाही. ते या रद्दीतून कळते.

नाटक-चित्रपटांच्या बाबतीत तर हा कागद अनेकदा एकमेव साक्षीदार असतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन ‘मानापमान’ केले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले. त्या रात्रीच्या गाण्याची तबकडी नाही. आठवणी आहेत, पण आठवणींना दर पिढीत नवी पालवी फुटते. तेव्हा त्या प्रयोगाचे एखादे तिकीट, जाहिरातीचा एखादा तुकडा जेथे कोठे असेल, तेथे त्याचे मोल ताम्रपटाहून कमी मानता येणार नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेला ‘आलम आरा’ हा आपल्याकडचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरली आहेत ती छायाचित्रे, जाहिराती आणि चित्रगृहाच्या दारात किरकोळ किमतीला विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ मध्ये स्थापना झाल्यापासून फितींच्या जोडीने अशा पुस्तिका, भित्तिपत्रके आणि शोकार्डेही गोळा केली, हे पी. के. नायर यांच्या दूरदृष्टीचे फळ. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती जळाल्या तेव्हा, चित्रपटाच्या इतिहासाचा भार क्षुल्लक मानलेल्या कागदावर किती पडतो, हे नव्याने ध्यानात यावयास हवे होते.

या कागदाची उपेक्षा कोणा एकाच्या दुष्टाव्याने झालेली नाही. तिला कायद्याचा शिरस्ताही कारण आहे. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणीच्या कायद्याने पुस्तकांच्या प्रती सरकारात दाखल होऊ लागल्या, परंतु तिकीट, लेबल, हस्तपत्रक ही त्याच्या कक्षेबाहेर राहिली. जे कोणी ठेवावे असा हुकूम नव्हता ते कोणीच ठेवले नाही, अपवाद फक्त छांदिष्ट संग्राहकांचा. इंग्लंडातही प्रारंभ असाच झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन यांनी एरवी कचऱ्याच्या टोपलीत जाणारे छापील कागद जन्मभर जमवले, आणि १९६८ साली तो संग्रह बोडलियन ग्रंथालयात गेला तेव्हा त्याला विद्वत्तेच्या जगात मानाची जागा मिळाली. आपल्याकडे पुण्याच्या दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तूंना इतिहासाचा दर्जा मिळवून दिला आणि १९७५ साली आपला संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. धातूला आणि लाकडाला जो न्याय मिळाला तो कागदाला अजून पुरता मिळावयाचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की सगळेच कसे ठेवणार. सगळे ठेवू नयेच. जेथे दुसरा पुरावा उपलब्ध नाही, जेथे छापखान्याचे नाव, सन, किंमत वा गाव नोंदलेले आहे, जेथे वस्तूवर वापरणाऱ्याच्या हाताची खूण आहे, ते आधी. शेकडो प्रती सर्वत्र आहेत ते मागाहून. निवड करणे हे अभिरक्षकाचे कामच आहे, आणि निवड न करणे म्हणजे ती कसरीवर सोपवणे होय. दुसरा आक्षेप अधिक आधुनिक: प्रतिमा काढून संगणकात ठेवली की पुरे. प्रतिमा जरूर काढावी, कारण तिच्यामुळे मूळ वस्तू वारंवार हाताळावी लागत नाही; पण कागदाचा पोत, शाईचा उठाव, मागल्या बाजूचा अर्धवट पुसलेला शिक्का, चिकटवलेल्या जरीचा प्रकार हे प्रतिमेत येईलच अशी खात्री नाही, आणि पुढच्या पिढीचे संशोधक कोणता प्रश्न विचारतील हे आज प्रतिमा काढणाऱ्याला ठाऊक नसते. शिवाय संगणकातील ठेवही दर काही वर्षांनी नव्या यंत्रावर उतरवावी लागते; तिचाही सांभाळ फुकट होत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत गंभीर. पण येथे एक दिलासा आहे. कागदाचे आयुष्य वाढवणारे उपाय पुष्कळसे साधे आहेत, आणि कित्येकदा नुकसान होते ते अज्ञानाच्या उत्साहाने. फाटलेल्या भित्तिपत्रकाला चिकटपट्टी लावतात; तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो. मौल्यवान कागद टिकावा म्हणून प्लॅस्टिकच्या थरात कायमचा बंद करतात. मग तो सोडवणे तज्ज्ञालाही जड जाते. गंजणाऱ्या टाचण्या, रबराचे पट्टे, वर्तमानपत्राची वेष्टने, हे सारे घातकच. सर्वांत मोठा विपर्यास म्हणजे पुठ्ठ्याची ऐतिहासिक वस्तू आम्लयुक्त पुठ्ठ्याच्याच खोक्यात ठेवणे. खोक्यातले आम्ल शेजारच्या कागदात झिरपते आणि राखणदारच वैरी होतो. आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या, प्रत्येक वस्तूस स्वतंत्र वेष्टन, फाटलेल्या जागी तांदळाच्या वा गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद, काचेखाली मांडायचे तर सुमारे ५० लक्सइतकाच मंद प्रकाश आणि काही महिन्यांनी वस्तूची अदलाबदल, एवढ्यानेही पुष्कळ साधते. कोकणातल्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण मिळते. तेथे मात्र यंत्राची मदत घ्यावी लागेल. आपल्या वाडवडिलांची वेखंड घालून कापडात बांधण्याची चालही टाकाऊ नव्हती: कापड धूळ अडवी, हवा खेळू देई, आणि कागदाला आम्ल देत नसे.

तेव्हा करावयाचे काय? शासनाने निराळी भव्य इमारत बांधण्याची घोषणा करण्यापूर्वी, असलेल्या संग्रहांची बारनिशी पुरी करावी. कोणत्या जिल्ह्यातील संग्रहालयात, संस्थानिकांच्या कोणत्या वाड्यात, कोणत्या ग्रंथालयात या शंभर वर्षांतले काय पडले आहे, त्याची एक यादी तयार व्हावी, आणि तीत वस्तूच्या वयाबरोबर तिच्या प्रकृतीचाही रकाना असावा. रत्नागिरीचे १८२८ चे नगर वाचनालय, नाशिकचे १८४० चे सार्वजनिक वाचनालय, ठाण्याचे १८९३ चे मराठी ग्रंथसंग्रहालय अशा संस्थांची परंपरा मोठी. पण त्यांना मिळणारे अनुदान मुख्यतः चालू ग्रंथालयाच्या खर्चाचा विचार करून दिले जाते. जतनासाठी वेगळी, लहान का होईना, पण दरसाल नियमाने येणारी रक्कम मंजूर झाली पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे सुसज्ज केंद्र आहे. तेथे जिल्ह्या-जिल्ह्यांतून एकेक कर्मचारी शिक्षणासाठी पाठवण्याची तजवीज करणे अशक्य नाही. त्याला शल्यविशारद व्हायचे नाही. चिकटपट्टी लावू नये, पेटी कोणती घ्यावी, आणि तज्ज्ञाला केव्हा बोलवावे, एवढे त्याला नेमके कळले तरी निम्मे काम होईल.

बाकीचे निम्मे काम घरोघरच्या माळ्यांवर आहे. जुने घर पाडावयाचे ठरले की पहिला निरोप रद्दीवाल्याला जातो, आणि किलोच्या भावाने एका कुटुंबाची तीन पिढ्यांची कागदपत्रे तासाभरात उठतात. हा निरोप जाण्याआधी जवळच्या वाचनालयाला किंवा इतिहासमंडळाला एकदा विचारण्याची चाल पडली, तर त्याला कोणत्याही सरकारी मंजुरीची गरज नाही. मात्र त्या वाचनालयाने ‘आमच्याकडे जागा नाही’ एवढेच उत्तर देऊ नये, यासाठी अनुदानाची ती लहानशी रक्कम हवी. मोडी दफ्तराविषयीचा आपला आदर यत्किंचितही कमी न करता इतके म्हणता येते की, त्याच्यापाशी वेळ आहे आणि या कागदापाशी नाही. अग्रक्रम ठरवताना विश्वस्तांनी आणि मंत्र्यांनी हा एवढाच निकष पाळला, तर पुढच्या पिढीला निदान आपले विसावे शतक तरी मूळ कागदावर पाहता येईल.