विंडोज १० ची मुदत संपली. सेवा केंद्रातल्या खोळंब्याचा भुर्दंड कुणाला?

सेवा केंद्रावर आजवर "सर्व्हर डाऊन आहे" हे उत्तर ऐकायची लोकांना सवय झाली होती. आता त्यात नव्या उत्तराची भर पडू लागली आहे. "कॉम्प्युटर बदललाय, अंगठा घेईना, दोन दिवसांनी या." समोरच्या माणसाला वाटतं, केंद्रचालक टाळाटाळ करतोय. काही ठिकाणी तसं असेलही. पण बऱ्याच ठिकाणी अडचण खरी आहे, आणि येत्या दोन-तीन महिन्यांत ती वाढणार आहे.

कारण असं. ज्या विंडोज १० वर गावोगावचे कॉम्प्युटर चालतात, तिला दुरुस्त्या पुरवणं मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केलं. घरगुती वापराच्या कॉम्प्युटरला एक वर्षाची वाढीव मुदत दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. म्हणजे ऐन सोयाबीन काढणीत. त्याआधी कॉम्प्युटर बदला, नवी विंडोज ११ टाका किंवा दुसरी प्रणाली घ्या, एवढेच मार्ग उरतात.

मुदत संपली म्हणजे बंद पडणार का?

नाही. कॉम्प्युटर १४ तारखेलाही चालू होईल, प्रिंट निघेल, सातबारा उतरेल. फक्त चोरांनी नवी फट शोधली तर ती बुजवायला कंपनी येणार नाही. विंडोज एक्सपीचं हेच एप्रिल २०१४ मध्ये झालं आणि विंडोज ७ चं जानेवारी २०२०मध्ये. तरी लोक पुढं कित्येक वर्षं तीच वापरत राहिले.

मग घाबरायचं कशाला? त्याचं उत्तर केरळमध्ये मिळतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. फाईली कुलूपबंद करायचा आणि सोडवायला पैसे मागायचा. फट बुजवणारी दुरुस्ती कंपनीनं दोन महिने आधीच दिली होती, पण ज्यांनी ती घेतली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती, ते सापडले. भारतात त्याचा फटका बसलेल्यांत वायनाड जिल्ह्यातल्या तरियोड ग्रामपंचायतीचे कॉम्प्युटर होते. कुठली मोठी बँक नव्हे, आपल्यासारखी ग्रामपंचायत.

आपल्या सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर काय काय साठलेलं असतं ते आठवा. अख्ख्या गावाचे आधार, पॅन, पासबुकची पानं, जातीचे दाखले, फोटो. डेस्कटॉपवर एक फोल्डर, त्यात हजार फाईली. ते यंत्र उघड्यावर सोडणं परवडणारं नाही. त्यामुळं बदल करायचा की नाही हा प्रश्न उरलेला नाही. तो कसा, कधी आणि कुणाच्या पैशानं, हे ठरवायचं आहे.

ट्रॅक्टर नवा, अवजारं जुनी

विंडोज ११ प्रत्येक यंत्रावर बसत नाही. तिला ६४ बिटचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. आय-थ्री ८१०० चालतो, आय-थ्री ७१०० चालत नाही. म्हणजे साधारण २०१८ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रं बाद. आपला कॉम्प्युटर बसतो का, हे 'पीसी हेल्थ चेक' हा मायक्रोसॉफ्टचा मोफत प्रोग्राम सांगतो.

पण खरी अडचण पुढंच आहे. नवा ट्रॅक्टर आणला आणि जुन्या रोटाव्हेटरचा पीटीओ जोड बसला नाही, तर ट्रॅक्टर कितीही चांगला असो, रान तसंच पडून राहतं. सेवा केंद्रात अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर आणि स्कॅनर ही अवजारं आहेत. प्रत्येकाला प्रणालीशी बोलायला 'ड्रायव्हर' नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. हाच तो जोड. जुन्या ३२ बिटच्या यंत्रावरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं नवा ड्रायव्हर काढला असेल तर ठीक. नसेल काढला तर धडधाकट प्रिंटर भंगारात.

अंगठ्याच्या यंत्राचं आणखी वेगळं. आधारच्या नियमांमुळं अनेक केंद्रांना जुनी यंत्रं सोडून 'एल-वन' प्रकारची नवी घ्यावी लागली. ती चालायला 'आरडी सर्व्हिस' कॉम्प्युटरवर टाकावी लागते, यंत्राची नोंदणी चालू असावी लागते. प्रणाली बदलली की हे सगळं पहिल्यापासून. कष्टाच्या कामानं रेषा झिजलेला अंगठा आधीच लवकर उमटत नाही, त्यात हा घोळ. आणि पेन्शनवाल्या म्हातारीला यातलं काही कुणी सांगत नाही. तिला एवढंच कळतं की रिक्षाचे पैसे गेले आणि काम झालं नाही.

सहीच्या टोकनचीही तीच गत. काही जुन्या सरकारी साईटी इंटरनेट एक्सप्लोररवरच नीट चालायच्या. तो एक्सप्लोरर कंपनीनं जून २०२२ मध्ये निवृत्त केला, विंडोज ११ मध्ये तो नाहीच. त्याऐवजी एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' चालू करावा लागतो. माहिती असलेल्याला हे दोन मिनिटांचं काम. माहिती नसलेल्याचा दिवस जातो.

हात बसायला वेळ लागतो

यंत्रं जुळली तरी माणूस जुळायचा राहतो. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून मधे आलं. उजवी क्लिक केली की ओळखीची यादी दिसत नाही, आणखी एक क्लिक करून जुनी यादी उघडावी लागते. शहरातल्या पोराला हे क्षुल्लक वाटेल. दहा वर्षं न बघता माऊस फिरवणाऱ्याला मात्र प्रत्येक दाखल्यामागं वेळ जास्त लागतो, आणि बाहेर लाईन वाढते. स्टार्टचं बटण सेटिंगमधून परत डावीकडं नेता येतं. उजव्या क्लिकची जुनी यादी शिफ्ट दाबून क्लिक केल्यावर लगेच येते. एवढं सांगणारा कुणी भेटला तरी निम्मा त्रास कमी होतो.

मराठी टायपिंगचा घोळ मोठा आहे. ग्रामपंचायतीचे जुने ठराव, सोसायटीची इतिवृत्तं, शाळेची पत्रं अजूनही कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये आहेत. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. लोकांना वाटतं फाईल खराब झाली. फाईल ठीक असते, फॉन्ट सोबत न्यायचा राहिलेला असतो. जुन्या यंत्रातलं फॉन्टचं फोल्डर पेनड्राईव्हवर घेतलं तर अडचण सुटते. कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणं टाईप करायचा असे दोन्ही कीबोर्ड फुकट मिळतात. भाषा सेटिंगमधून मराठी घ्यायची, मग विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलायचं.

दोन गोष्टी ज्या दुकानदार सांगत नाही

पहिली. विंडोज ११ नवी बसवताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. बरेच जण म्हणतात, "तूच टाक तुझं काहीतरी." दुरुस्तीवाला स्वतःच्या ईमेलनं चालू करून देतो. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत बऱ्याच यंत्रांवर हार्ड डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली त्या खात्यावर जमा होते. उद्या यंत्रानं किल्ली मागितली आणि दुरुस्तीवाला गाव सोडून गेलेला असला, तर आतल्या सगळ्या फाईली गेल्या. खातं केंद्राच्याच ईमेलनं उघडा, पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा.

दुसरी. नवी प्रणाली डेस्कटॉप आणि डॉक्युमेंटच्या फाईली 'वनड्राईव्ह'वर चढवायला बघते. फुकटची जागा ५ जीबी. गावातलं नेट आधीच रडतरखडत, त्यात हे चढवणं सुरू झालं की साईट उघडेना. शिवाय लोकांचे आधार न विचारता बाहेर जातात. हे सेटिंग पहिल्याच दिवशी बघून बंद करावं.

आणखी एक जुगाड चालू आहे. यंत्र बसत नसतानाही पळवाट काढून विंडोज ११ टाकून देतात. चालतेही. पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी बदल केला, तेच कारण शिल्लक.

फुकटची लिनक्स का नको?

हा प्रश्न तरुण पोरं विचारतात, आणि तो चुकीचा नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये जवळपास दोन दशकं लिनक्स चालते. लायसन्सचे पैसे नाहीत, जुन्या यंत्रावरही पळते. पण केरळनं सीडी वाटून शाळांना वाऱ्यावर सोडलं नाही. आधी शिक्षकांना शिकवलं, पुस्तकं त्याच प्रणालीवर बेतली, अडलं तर विचारायला सरकारी यंत्रणा उभी केली. आधी आयटी अ‍ॅट स्कूल, आता काईट. माणसांची तयारी आधी झाली, म्हणून ती प्रणाली तिथं रुजली.

आपल्याकडं शाळेचा वर्ग, वाचनालय, ग्रामपंचायतीचं नुसतं टायपिंग यासाठी जुन्या यंत्रावर लिनक्स टाकायला हरकत नाही. सेवा केंद्रात मात्र घाई नको. अंगठ्याचं यंत्र आणि सहीचा टोकन त्यावर चालतो का, हे आधी त्या-त्या कंपनीला विचारून घ्यावं. होकार आल्याशिवाय मुख्य कॉम्प्युटरला हात लावू नये.

पैसे कोण भरणार?

सगळं इथं येऊन अडतं. बहुतेक सेवा केंद्रचालक सरकारी नोकर नाहीत. दाखल्याच्या शुल्कातला वाटा हीच त्यांची कमाई. नवा कॉम्प्युटर, नवा प्रिंटर, नवं अंगठ्याचं यंत्र त्यांनीच घ्यायचं. पैसे नाहीत म्हणून जुनंच ओढलं तर गावाची कागदपत्रं धोक्यात. ग्रामपंचायतीतला परिचालक तर मानधनावर, यंत्र बदलायचा अधिकारही त्याच्याकडं नाही. संस्था आणि कार्यालयांना विंडोज १० ची वाढीव मुदत मिळते, पण पैसे भरून. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉम्प्युटरला ६१ डॉलर, पुढं दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. शाळा-कॉलेजांसाठी हाच दर पहिल्या वर्षी अवघा १ डॉलर आहे. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांना हे कुणी सांगितलं, हा वेगळा प्रश्न.

भुर्दंडाचा शेवटचा वाटा मात्र लाईनीतल्या माणसाच्या माथी येतो. दाखल्याला एक हेलपाटा वाढला की मजुराचा एक दिवसाचा खाडा. फार्मर आयडी अडला की योजनेचा अर्ज अडतो, कारण एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांना तो बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला चार दिवस उशिरा मिळाला की पोरीचा प्रवेश टांगणीला.

म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं. पीकविम्याची जुलैअखेरची गर्दी ओसरल्यावर गणपती बसेपर्यंत केंद्रावर थोडी उसंत असते. बदल त्याच दिवसांत करावा. जुना कॉम्प्युटर लगेच पुसू नये. महिनाभर तो शेजारी चालू ठेवावा, नव्यावर अंगठा अडला तर काम जुन्यावर व्हावं. आधी फाईली दोन ठिकाणी काढून ठेवाव्यात आणि प्रत्येक यंत्राचा नवा ड्रायव्हर उतरवून मगच प्रणाली बदलावी.

१५ ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आहे. रस्ता, गटार, पाण्याबरोबर तिथं तीन गोष्टी विचारायला हव्यात. ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर कुठली प्रणाली आहे? ती बदलायची तरतूद कोणत्या निधीतून होणार? आणि बदलाच्या काळात दाखले कुठं मिळणार, हे दारावर लिहून लावणार का? तिसऱ्या प्रश्नाला तर एक पैसाही लागत नाही. कागद आणि खडू केंद्रात असतोच.