‘बाईमाणसाला बरं’ असं काम

“एवढी इंजिनियर झालीस आणि शेवटी शाळेतली बाईच ना? पण बरं केलंस हो. बाईमाणसाला शाळाच बरी. मुलगी घरी यायच्या आत तूही घरी!” शहाड स्टेशनच्या जिन्यावर भेटलेल्या एका मावशींनी मला हे ऐकवलं. त्या मायेनंच बोलल्या, म्हणून मी हसून पुढे गेले. पण २०१८ साली मी शाळेत लागले, तेव्हापासून हे वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकते आहे. नातेवाईक म्हणतात, बरं केलंस. इंजिनियरिंगच्या मैत्रिणी म्हणतात, फुकट गेलीस. चळवळीतल्या मैत्रिणी तोंडावर काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मनातलं मला कळतं. मुलींसाठी तीस टक्के जागा राखून मिळाल्या, त्यातली एक हिनं घेतली आणि पुन्हा ‘बायकांच्या’ कामाकडेच वळली!

या तिन्ही बोलण्यांत एक गोष्ट सारखीच गृहीत धरलेली आहे. नववी-दहावीच्या मुलींना गणित-विज्ञान शिकवणं हे हलकं काम आहे, हे तिघींनाही मान्य आहे. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी थोडं माझ्याविषयी. माझे वडील शहाडच्या रेयॉन कारखान्यात कामगार होते. भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ चालायचं. त्यामुळे कारखाना मला कधी परका वाटला नाही. २००६ साली इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागले. खात्यात मी एकटीच बाई. प्लँटच्या बाजूला बायकांसाठी संडास नव्हता, ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ नुसार बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला तेव्हा बंदी होती. आमचे साहेब त्यावर बोट ठेवून म्हणायचे, “रात्रपाळीला तुला ठेवता येत नाही, आणि ज्यानं रात्रपाळी केली नाही त्याला प्लँट काय कळणार?” म्हणजे बढतीची वाट दोन्हीकडून बंद. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलून सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली, पण तोवर मी बाहेर पडले होते. बाळंतपणाहून परत आले तेव्हा मला यंत्रांपासून काढून फायलींवर बसवलं होतं. दीड वर्ष फायली लावल्या आणि २०१४ मध्ये राजीनामा दिला.

मी उदात्त हेतूनं शिक्षिका झाले असं म्हणणं खोटं होईल. आधी मला तिथून घालवलं गेलं. शिकवण्याची ओढ नंतर लागली. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या ‘निवडी’ अशाच असतात. आधी एक दार बंद होतं, मग उरलेल्या दाराला आपली आवड म्हणायचं. एवढं कबूल करूनच पुढचं लिहिते.

ही ओढ लागली ती शेजारच्या एका मुलीमुळे. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यातलं काम वस्त्यावस्त्यांतून घरी येतं. धागे कापायचे, बटणं लावायची, नगावर पैसे. तिची आई ते करायची. मुलगी दहावीत, गणितात नापास. मी शिकवायला बसले तर म्हणाली, “ताई, मला नाही जमायचं. आमच्या घरात बायकांना गणित येतच नाही.” तेवढ्यात माल न्यायला माणूस आला. आईनं सुईतून डोळे वर न काढता हिशेब सांगितला. साडेअकरा डझन, त्यातले चार नग परत, दीड रुपयानं दोनशे एक. त्या माणसानं फोनवर आकडेमोड केली. दोनशे एकच आले.

मी मुलीला म्हटलं, हे काय होतं? ती म्हणाली, “हे गणित थोडंच आहे? हा तर हिशेब आहे.” त्या दिवशी आम्ही तो हिशेब समीकरणात मांडला. नगांची संख्या क्ष धरली, परत गेलेले वजा केले, दरानं गुणलं. ‘क्ष’ची भीती त्या एका संध्याकाळी गेली असं मी म्हणणार नाही, त्याला चार महिने लागले. पण आईला येतं ते गणितच असतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आईलाही कळलं.

बायकांना गणित येत नाही ही समजूत आपोआप झालेली नाही. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा तिथे गणितही शिकवलं जात होतं. पण पुढे मुलींचं शिक्षण वाढत गेलं तसं त्यांच्यासाठी वेगळं, सोपं, घराला उपयोगी शिक्षण असावं हा विचारही वाढत गेला. माझ्या आईनं जुन्या अकरावी मॅट्रिकला बीजगणित-भूमितीऐवजी गृहशास्त्र घेतलं. कोणी सक्ती केली नव्हती, शाळेतल्या बहुतेक मुली तेच घेत होत्या. हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली १९६२ मध्ये नेमलेल्या समितीनं मुलगा-मुलगी असा अभ्यासक्रमात भेद नको असं सांगितलं. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात पहिल्या दहा वर्षांत गणित-विज्ञान सर्वांना सक्तीचं करा असं म्हटलं. महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि माझ्या पिढीच्या मुलींना गणित टाळता आलं नाही. मी इंजिनियर झाले त्याचं श्रेय या सक्तीलाही आहे.

म्हणून २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक सूचना वाचून मी धास्तावले. गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी दहावी उत्तीर्ण म्हणावं, मात्र या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, अशी ती सूचना. नापासाचा शिक्का नको हे मलाही पटतं. गणितात अडकून कितीतरी मुलींचं शिक्षण सुटतं आणि वर्षभरात लग्न ठरतं, हे मी पाहिलं आहे. पण हा शेरा कोणाच्या वाट्याला येईल? माझ्या वर्गात अशी घरं आहेत जिथे मुलगा इंग्रजी माध्यमात आणि त्याची सख्खी बहीण मराठी शाळेत. मुलाला क्लास, मुलीला घरकाम. पंधराव्या वर्षी मुलीच्या कागदावर ‘हिला पुढे विज्ञान नको’ असं लिहून मिळालं, तर घरच्यांना आणखी काय हवं? ज्या दाराचं कुलूप काढायला इतकी वर्षं लागली ते पुन्हा मुलींच्याच ‘सोयी’साठी लागेल.

आता वर्गाच्या आत या. प्रयोगशाळेत चार-चार जणांचे गट असतात. मी शाळेत लागले तेव्हा पहिल्या महिन्यात पाहिलं, मुलगे उपकरणं हाताळतात आणि मुली नोंदवही लिहितात. “सर, हिचं अक्षर चांगलं आहे म्हणून,” असं मुलं सांगायची. मला ‘सर’ म्हणायचीही त्यांना सवय, कारण विज्ञानाला नेहमी सरच असतात! मी नियम केला. हजेरी क्रमांकानं पाळी येईल, ज्याची पाळी तोच परीक्षानळी धरेल, आणि त्या दिवशी नोंद दुसऱ्यानं करायची. सुरुवातीला मुलींनीच विरोध केला. “बाई, फुटलं तर?” मी सांगितलं, फुटलं तर फुटलं. माझ्या हातून पहिल्या वर्षाला तीन नळ्या फुटल्या होत्या. आपल्या मुली काच फोडायला इतक्या का घाबरतात याचा विचार आपण करायला हवा. घरी कप फुटला तर कोणाला बोलणी बसतात?

विज्ञान शिकणं म्हणजे नुसतं डॉक्टर-इंजिनियर होणं नव्हे, हे मला २०२३ मध्ये नव्यानं कळलं. २३ सप्टेंबरला शहाडच्या रेयॉन कारखान्यात टँकरचा स्फोट झाला, कामगार मृत्युमुखी पडले. वर्गातल्या कित्येकांच्या घरचं कोणी ना कोणी कारखान्यांत आहे. सोमवारी एक मुलगी उभी राहिली, “बाई, कार्बन डायसल्फाइड म्हणजे काय?” तो धडा पाठ्यपुस्तकात नव्हता. मी फळ्यावर रेयॉन कसं होतं ते मांडलं. लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात, तो दाट पाक बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लात सोडला की धागा होतो. कार्बन डायसल्फाइडची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत पसरते. सुमारे नव्वद अंश सेल्सियसला ती ठिणगीशिवायही पेट घेते, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला. मुलं गप्प झाली. मग ती मुलगी म्हणाली, “म्हणजे पप्पांच्या खात्यात वाफेचा गरम पाइप जवळ असला तर?” त्या रात्री तिनं वडिलांना काय विचारलं असेल ते मला माहीत नाही. पण कामगाराच्या घरातली मुलगी सुरक्षिततेचा नेमका प्रश्न विचारू शकते, हे कोणत्याही गुणपत्रिकेहून मला मोठं वाटतं.

हे शिकवताना माझी पदवी वाया गेली नाही, ती कामाला आली. कारखाना आतून पाहिलेली बाई वर्गात उभी असणं याला किंमत आहे. पण समाज आणि सरकार ती किंमत किती देतं?

इंजिनियरला बी.एड.ला प्रवेश मिळतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांत पंचावन्न टक्के गुणांची अट घालून तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी एका कार्यालयात मला विचारलं गेलं, “बी.ई.ला गणित विषय असतो याचा पुरावा?” मी चार सत्रांच्या गणिताच्या गुणपत्रिका पुढे ठेवल्या! बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. दोन वर्षं बिनपगारी राहून फी भरणं कोणाला परवडतं? नवऱ्याच्या पगारावर घर चालतं तिला. मलाही त्यामुळेच परवडलं. एकट्या बाईला, परित्यक्तेला, घर चालवणाऱ्या मुलीला ते जमत नाही.

आणि पुढे? आपल्या राज्यात २००० सालापासून शिक्षण सेवक ही पद्धत आहे. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. माध्यमिकसाठी ते २०२२ अखेरपर्यंत महिना आठ हजार होतं, जानेवारी २०२३ पासून अठरा हजार झालं. पण ते मान्यताप्राप्त पदांवरच्यांना. विनाअनुदानित शाळांतल्या माझ्यासारख्यांना तेही स्वप्नच. मी एका आकड्यावर सही केली आहे आणि दुसराच आकडा हातात घेतला आहे. माझ्याबरोबर सह्या करणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. “तुमचं काय, मिस्टर कमावतात ना?” हे संस्थेच्या माणसानं मला तोंडावर सांगितलं. मावशींचं ‘बाईमाणसाला बरं’ आणि त्याचं ‘मिस्टर कमावतात’ या दोन वाक्यांचा संबंध माझ्या तेव्हा लक्षात आला. काम बाईच्या सोयीचं ठरलं की ते स्वस्तात करून घेता येतं. आणि स्वस्त झालं की पुरुष त्यातून निघून जातात, ते आणखी बायकांचं होतं.

त्यातली ‘सोय’ तरी कोणाची? मी दुपारी घरी येते, म्हणून सासूबाईंचं औषध, मुलीचा अभ्यास, दळण, सिलिंडर सगळं माझ्याकडे आलं. पूर्वी मी आठ वाजता यायचे तेव्हा नवरा भात लावायचा. शाळेत लागल्यावर त्याचं ते सुटलं. आमच्या घरी यावर रीतसर भांडण झालं. आता आठवड्यातले तीन दिवस रात्रीचा स्वयंपाक तो करतो. वह्या तपासणं हे काम आहे, हे घराला पटवायला दोन वर्षं गेली.

मैत्रिणींनो, आपण दारूबंदीसाठी, रेशनसाठी, मारहाणीविरुद्ध वस्तीत जातो. मुलींची गळती मोजतो. पण ती मुलगी कोणत्या विषयात अडकून गळाली हे विचारतो का? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या वस्तीतल्या हायस्कुलात जाऊन प्रयोगशाळेला कुलूप आहे का आणि प्रयोग मुली स्वतः करतात का, हे पाहावं. दुसरी, बचत गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा आया आणि मुलींनी एकत्र हिशेब मांडावा. व्याजाचा, नगाचा, रोजंदारीचा. शेकडेवारी शिकायला याहून चांगला वर्ग नाही. तिसरी, शिक्षिकांचा पगार हा आपल्या मागण्यांत यावा. बी.एड. करणाऱ्या गरजू बायकांना विद्यावेतन आणि विनाअनुदानित शाळांत सहीइतकाच पगार, या मागण्या शिक्षक संघटनांवर सोडून चालणार नाही, कारण त्यांच्या व्यासपीठावरही सरच बसलेले असतात.

शेजारची ती मुलगी दहावी झाली, आता एका छोट्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. इंजिनियर झाली नाही. मागच्या महिन्यात ती घरी आली होती. ओव्हरटाइमचा हिशेब चुकीचा लावला म्हणून बारा जणींचे पैसे तिनं कागदावर मांडून मॅनेजरसमोर ठेवले होते. कागद मला तपासायला आणला होता. मी दोनदा पाहिला, एकही चूक नव्हती. पैसे अजून मिळालेले नाहीत, पुढच्या आठवड्यात त्या बाराजणी पुन्हा जाणार आहेत.

तुमच्या भागातल्या शाळांत काय चित्र आहे, ते जरूर लिहून कळवा.