शेडची चावी कामगाराच्या हाती द्या

केळव्याला सुट्टीत येणारी मुंबईची मंडळी सुरूच्या बनात बसली की हल्ली एक कल्पना हमखास ऐकवतात. तारापूर एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या शेडमध्ये समकालीन कलेचं केंद्र काढावं. लंडनच्या जुन्या वीजकेंद्रातल्या टेट मॉडर्नचं नाव निघतं, बीजिंगच्या जुन्या कारखान्यांतल्या 798 कलावस्तीचं निघतं. केंद्र मलाही हवंय, अगदी मनापासून. पण ज्या तोंडाने ते मागितलं जातं ते ऐकून तळपायाची आग मस्तकात जाते. उंच छप्पर, उघड्या विटा, गंजलेलं लोखंड, किती सुंदर जागा! त्या छपराखाली बारा-बारा तास कोण राबलं, ठेकेदाराने कुणाचे पैसे बुडवले, शेड बंद झाली तेव्हा कुणाच्या घरची चूल विझली, यातलं अवाक्षर त्या बोलण्यात नसतं. जागा रिकामी म्हणजे बेवारस, हे यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

हे सगळं मुंबईत एकदा होऊन गेलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. 1991 च्या विकास नियमावलीत निदान कागदावर तरी न्याय होता: गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये सरकारने त्या नियमाची अशी दुरुस्ती केली की वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या, आधीपासून मोकळ्या जमिनीचीच व्हावी. म्हणजे ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती जवळपास सगळी वाटणीतून निसटली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हे रोखलं, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती कायम ठेवली. मोकळी मैदानं गेली, घरं गेली, आणि लोअर परळला मॉल, पब आणि काचेचे मनोरे आले. चिमण्या मात्र राखल्या, कारण चिमणी शोभेची असते आणि ती घर मागत नाही. कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री गच्चीवरच्या पबला आग लागून 14 माणसं मेली, तेव्हा या जागांची देखरेख कोण करतं आणि कुणासाठी करतं, ते सगळ्या देशाने पाहिलं.

आणि कला? कला गिरणगावात बाहेरून आणावी लागली नव्हती. अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले, नारायण सुर्वे गिरणीत राबले. 1944 साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभं केलं, ते कुठल्या दालनात नव्हे, कामगार वस्तीत. भजनी मंडळं, नमन, दशावतार, गणपतीतली नाटकं हा सगळा पसारा पाळी संपवून आलेल्या माणसांनी पोसला. आज काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिकेच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाचं घोंगडं दशकाहून जास्त काळ भिजत पडलंय. साचा, म्हणजे माग, चालवलेले हात म्हातारे झाले, कित्येक गेले. ज्यांना साच्याचा आवाज ऐकून कुठला धागा तुटला ते कळत होतं, ती माणसं संपल्यावर उघडलेल्या संग्रहालयात नुसतं लोखंड उरणार आहे.

आता आमच्या पालघर जिल्ह्याकडे या. वारली लग्नात भिंतीवर काढतात तो चौक मी जवळून पाहिलाय. कुडाची भिंत शेण-गेरूने सारवलेली, तांदूळ वाटून केलेलं पांढरं पाणी, टोक ठेचून कुंचला केलेली बांबूची काडी. सवाशिणी चौकात पालघट देवी काढतात आणि धवलेरी गाऊन लग्न लावते. हे काम बायकांचं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे ही चित्रं कागदावर आली आणि जिव्या सोमा मशेंचं नाव जगात गेलं. 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि त्यांच्याच मुलखातली पोरं आज रिसॉर्टच्या कंपाउंडवर चौरस फुटाच्या भावाने तारपा नाच रंगवतात. चित्राखाली त्यांचं नावही नसतं. समकालीन कलाकार म्हणून आधी यांना मोजा. उद्घाटनाला नाचायला बोलावून यांच्या तोंडाला पानं पुसू नका.

कारखाना लोकांचा कसा करतात ते बघायचं तर ब्राझीलमधल्या साओ पाउलोकडे बघा. तिथे जुन्या पिंपांच्या कारखान्यात लीना बो बार्दी या वास्तुविशारद बाईने सेस्क पॉम्पेया उभं केलं. 1982 मध्ये ते उघडलं. ती जागा पाहायला गेली तेव्हा आवारात पोरं खेळत होती, माणसं भेटत होती. तेच टिकवायचं, असं तिने ठरवलं. वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा, स्वस्त जेवण, पुढे पोहण्याचा तलावसुद्धा. खर्च चालतो तो मालकांकडून पगाराच्या दीड टक्का घेतलेल्या वर्गणीतून. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायला लावलेत, आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कला आणि हस्तकला स्पष्ट लिहिलेली आहे. पैसा नाही, ही सबब मला सांगू नका.

जागेची सबबही सांगू नका, पण जागा आधी धुवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर सगळ्या देशात वरच्या नंबरावर होतं. नवापूरच्या समुद्रात वसाहतीचं सांडपाणी सोडलं जातं म्हणून मांगेला मच्छीमार समाजाला हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं. अशा वसाहतीत रसायनाच्या शेडची जमीन न तपासता, सिमेंटचे जुने पत्रे न उतरवता तिथे पोरांना चित्रं काढायला बसवणं हा गुन्हा आहे. सफाईचा खर्च ज्याने घाण केली त्याने द्यायचा, ग्रामपंचायतीने नव्हे.

मग केंद्र काढा. विश्वस्त मंडळात निम्म्या जागा त्याच वसाहतीतल्या कामगारांना आणि वारली, मांगेला कलावंतांना द्या, आणि त्यात बायका हव्यात. करार मराठीत करा. चित्र विकलं तर पैसे थेट चितारणाऱ्याच्या खात्यात जमा करा. दुसरी पाळी सुटल्यावरही दार उघडं ठेवा, आणि आत यायला तिकीट लावू नका. पहिलं प्रदर्शन त्याच शेडमध्ये काम केलेल्या माणसांच्या तोंडच्या हकिकतींचं भरवा, ती माणसं हयात आहेत तोवर. यातलं काहीच जमणार नसेल तर ती शेड कामगारांची थकलेली देणी भागवायला विकून टाका.