जनगणना हवी, पाळत नको : मोबाईलमधल्या ब्राउझरचा प्रश्न

२०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार, असे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले. आंबेडकरी चळवळीची ही जुनी मागणी आहे. मोजणी झाल्याशिवाय वाटा मागता येत नाही, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. पण मोजले जाणे वेगळे आणि पाठलाग होणे वेगळे. जनगणनेचा प्रगणक दारात येतो, प्रश्न विचारतो, आपण उत्तर देतो. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ नुसार ती वैयक्तिक नोंद गोपनीय राहते. कोणी उठून ती पाहू शकत नाही आणि सर्वसाधारणपणे ती पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. आपल्या खिशातल्या मोबाईलवर मात्र आपली नोंद न विचारता होत असते, आणि तिला असे संरक्षण नाही.

एखाद्या विद्यार्थ्याच्या महिनाभराच्या वापराचा विचार करा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, जात वैधता प्रमाणपत्राची कागदपत्रे, स्वाधार योजनेची यादी, बौद्ध वधू-वर सूचक संकेतस्थळ, ६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्या गाड्या, ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम. यातल्या एकाही पानावर 'तुमची जात कोणती' असे कोणी जाहिरात कंपनीला सांगितलेले नसते. पण ही पाने एका माळेत ओवली की जात, धर्म, आर्थिक स्थिती आणि राजकीय कल, सगळे समोर येते. गावात आडनावावरून ओळख काढतात, इथे शोधाच्या इतिहासावरून काढता येते. अशी यादी अमुक कंपनीने केली आहे, असा माझा आरोप नाही. ती करायला लागणारा कच्चा माल रोज गोळा होतो आहे, एवढाच मुद्दा आहे.

कायद्यातून जात कुठे गेली?

२०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा वेगळा वर्ग होता. आरोग्य, आर्थिक माहिती, धार्मिक व राजकीय श्रद्धा यांच्याबरोबर 'जात किंवा जमात' हे शब्द त्यात स्पष्ट लिहिलेले होते. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये हा वर्गच उरला नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचा ईमेल पत्ता आणि तुमची जात यांत फरक नाही. ज्या देशात जात कळल्यावर भाड्याची खोली नाकारली जाते, तिथे ही चूक बारीक नाही.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीशिवाय माहिती वापरल्यास आणि सुरक्षेत हयगय केल्यास जबर दंडाची तरतूद आहे, कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. कलम १७ नुसार सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकते. आणि कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद केली. शिष्यवृत्ती कुठे अडली, अनुसूचित जातींचा निधी कुठे वळला, हे शोधणाऱ्या कार्यकर्त्याला त्याचा थेट फटका बसतो. नागरिक सत्तेला पारदर्शक आणि सत्ता नागरिकाला अपारदर्शक, अशी ही उलटी मांडणी आहे.

खासगीपणा हा श्रीमंतांचा किंवा पाश्चात्त्यांचा शौक आहे, असे काही मित्र म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे १९४७ चे निवेदन काढून पाहावे. व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, हा हक्क त्यांनी मूलभूत हक्कांत मागितला होता. पुढे घटना समितीच्या प्रक्रियेत ती तरतूद गळाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा या इतिहासाचीही चर्चा झाली. बाबासाहेबांच्या काळातले 'कागद' आज मोबाईलमध्ये आहेत.

ब्राउझर नेमके काय सांगतो?

आपण एक संकेतस्थळ उघडतो, पण त्या पानावर जाहिरात आणि मोजणी कंपन्यांचे अदृश्य तुकडे बसवलेले असतात. त्यांना ट्रॅकर म्हणतात. ते आपल्या फोनमध्ये कुकी नावाची खूण ठेवतात. पुढच्या संकेतस्थळावर तीच कंपनी हजर असेल तर ती खूण ओळखते. कुकी नसली तरी फोनचे मॉडेल, स्क्रीनचा आकार, भाषा, फॉन्ट अशा तपशिलांच्या मिश्रणातून ओळख पटवण्याचा प्रयत्न होतो. ही माहिती जाऊ द्यायची की अडवायची, हे बऱ्याच अंशी ब्राउझर ठरवतो. म्हणून ब्राउझरची निवड ही सोयीपुरती बाब नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या काही घटना पाहा. स्वस्त अँड्रॉईड फोनवर यूसी ब्राउझर एकेकाळी भारतात घराघरांत होता, कारण तो कमी डेटा खायचा. २०१५ मध्ये कॅनडाच्या सिटिझन लॅबने दाखवले की तो वापरकर्त्याचे शोध, ठिकाण आणि फोनची ओळख पुरेशा संरक्षणाविना पाठवत होता. २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात तो गेला. पण प्रश्न फक्त चीनचा नव्हता. क्रोमच्या 'गुप्त मोड'मध्येही माहिती गोळा होते, या तक्रारीवर अमेरिकेत खटला चालला आणि २०२४ मध्ये गूगलने तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. क्रोममधून तिसऱ्या पक्षाच्या कुकी हटवण्याची घोषणा २०२० मध्ये झाली होती. ती वारंवार पुढे ढकलून शेवटी सोडून देण्यात आली. जाहिरातीवर जगणारी कंपनी जाहिरातदाराची नजर स्वतः कशाला झाकेल?

जून २०२५ मध्ये युरोपातील संशोधकांनी आणखी एक प्रकार उघड केला. अँड्रॉईडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप फोनच्या आतच एक दार उघडून बसत आणि मेटाचा ट्रॅकर असलेल्या संकेतस्थळांवरून ब्राउझरमधली खूण त्या दारातून मिळवत. गुप्त मोड वापरला किंवा कुकी पुसल्या तरी फरक पडत नव्हता. प्रकरण बाहेर आल्यावर मेटाने तो प्रकार थांबवला. ब्रेव्हसारख्या ब्राउझरमध्ये मात्र हे दार आधीपासून बंद होते. निवडीने फरक पडतो, तो असा.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

ब्रेव्ह : क्रोमच्याच पायावर बांधलेला, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. जाहिराती व ट्रॅकर सुरुवातीपासून अडवतो, त्यामुळे डेटाही वाचतो. ज्याला सेटिंगमध्ये डोके घालायचे नाही त्याच्यासाठी बरा. मात्र २०२० मध्ये क्रिप्टो संकेतस्थळाचा पत्ता टाकताना त्यात आपला कमिशनचा कोड जोडल्याबद्दल या कंपनीवर टीका झाली होती. त्यातले क्रिप्टो आणि बक्षिसांचे पर्याय बंद ठेवावेत.

फायरफॉक्स : मोझिला या ना-नफा संस्थेच्या मालकीचा. अँड्रॉईडवर यात यूब्लॉक ओरिजिन हे विस्तार जोडता येते, ही त्याची मोठी ताकद. पण मोझिलाचे बरेचसे उत्पन्न गूगलच्या सर्च करारातून येते आणि २०२५ मध्ये माहिती 'विकत नाही' हे जुने आश्वासन बदलल्यावर वाद झाला. सुरुवातीचे सर्च इंजिन बदलून घ्यावे.

डकडकगो : सर्वात सोपा. एका बटणाने सगळा इतिहास आणि उघडी पाने जळून जातात. घरात एकच फोन भावंडांत फिरतो तिथे, विशेषतः मुलींसाठी, हे उपयोगी आहे. २०२२ मध्ये करारापोटी मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर सोडत असल्याचे उघड झाले, नंतर त्याने ते अडवायला सुरुवात केली.

टॉर : ओळख लपवण्यासाठी यापुढे सामान्य माणसाच्या हाती फारसे काही नाही. मात्र तो संथ आहे. रोजच्या वापरासाठी नको, अत्याचार प्रकरणात संवेदनशील शोध घेताना ठेवावा.

आयफोनवर भारतात सर्व ब्राउझर ॲपलच्याच इंजिनावर चालतात, त्यामुळे तिथे फरक कमी पडतो.

कालामांना तथागतांनी सांगितले ते इथेही लागू आहे : कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. वरचे चारही ब्राउझर आपला कोड तपासणीसाठी खुला ठेवतात. चुका बाहेर आल्या त्या कोणी तरी तपासले म्हणूनच.

व्यवहारात दोन ब्राउझर ठेवणे सोयीचे. महाडीबीटी, बँक, परीक्षेचे अर्ज यांसाठी एक, कारण कडक अडवणुकीने काही सरकारी पाने नीट चालत नाहीत. वाचन, शोध आणि चळवळीच्या कामासाठी दुसरा, ज्यात गूगल खात्याने लॉगिन करायचे नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवरची लिंक त्याच ॲपमध्ये न उघडता बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडावी. आणि ब्राउझर अधिकृत स्टोअरवरूनच घ्यावा, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल कधीही नाही.

ब्राउझर जिथे पुरत नाही

खोटा धीर धोक्याचा असतो, म्हणून हेही सांगितले पाहिजे. ब्राउझर बदलल्याने मोबाईल कंपनीला तुम्ही कोणते संकेतस्थळ उघडले हे बहुधा कळतेच. व्हीपीएन घेतले तरी २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायची आहे. आणि फोनमध्येच हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले तर ब्राउझर काही करू शकत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून कागदपत्रे घुसवली गेली, असे आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेच्या फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. तपास यंत्रणेने ते मान्य केलेले नाही. पण अनोळखी जोडलेली फाईल उघडायची नाही, फोन अद्ययावत ठेवायचा, हा धडा प्रत्येक कार्यकर्त्याने घ्यावा.

शेवटी प्रश्न आपल्या संघटनांचाही आहे. धम्म परिषदेची नोंदणी, वधू-वर मेळावा, स्पर्धा परीक्षा वर्ग, यांच्या ऑनलाईन अर्जांत आपण नाव, जात, मोबाईल आणि कधी आधार क्रमांकही मागतो. तो तक्ता किती जणांकडे फिरतो? कार्यक्रम झाल्यावर तो कोणी पुसतो का? आपल्याच संकेतस्थळांवर जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर बसवलेले आहेत का? सरकारकडे जातीला पुन्हा 'संवेदनशील' दर्जा द्या, अशी मागणी करताना आपले घरही त्याच नियमाने चालले पाहिजे. वसतिगृहात, अभ्यासिकेत, विहारातल्या रविवारच्या वर्गात यावर तासभर बोलता येईल. दहा मुलांचे फोन एकत्र बसून नीट करता येतील. नको ती माहिती मागायची नाही, मागितलेली जपायची आणि काम झाले की पुसायची, एवढे तर कायद्याची वाट न पाहता उद्यापासून करता येते.

जय भीम!