हातातला कागद आणि हातातलं काम

आपलं पोर आय.टी.आय.तून फिटर, वायरमन होऊन बाहेर पडतं. त्याला वाटतं, मार्क चांगले, प्रमाणपत्र हाती, आता नोकरी ठरलेलीच. कारखानदार मात्र वेगळंच बघतो. पाळीला वेळेवर येतो का? ड्रॉइंग वाचून माप बिनचूक घेतो का? कळलं नाही तर विचारतो, की अंदाजानं रेटतो? चूक सांगतो, की झाकतो?

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. पण नवा खोंड पहिल्याच दिवशी सरळ तास धरत नाही. जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपला की तयार होतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा त्यासाठीच आहे. त्यात करारनामा होतो, विद्यावेतन मिळतं आणि काम शिकवण्याची जबाबदारी मालकावर येते. नुसता झाडू मारून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे.

तेव्हा परीक्षेआधीच संस्थेत उमेदवारीची चौकशी करा. करारनामा वाचूनच सही करा, प्रत घरी ठेवा. आणि पोराला एवढंच सांगा: बाबा, प्रमाणपत्र दारापर्यंत नेतं, आत टिकवतं ते काम. लेकीलाही हेच सांगा.