काठी कुणी तोलायची?

सोलापूरच्या वार्षिकात गोल्फवर लेख कशासाठी, असे कुणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैर नव्हे. आपल्याकडे हिरवळ म्हणजे पावसाळ्यातले दोन महिने. आणि एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसला टेकला की चेंडूच काय, माणूससुद्धा जागचा हलायला तयार नसतो. आपला खेळ विटी-दांडूचा, फार तर पार्कच्या मैदानावर पाहिलेल्या क्रिकेटचा. परंतु मित्रहो, मला लिहायचे आहे ते गोल्फच्या खेळाविषयी कमी, आणि त्या खेळातल्या काठीला जे गुण दिले जातात त्यांच्याविषयी अधिक. गुण देण्याघेण्याचा विषय निघाला की आपण विद्यार्थी आणि आपले गुरुजन, दोघेही त्यातले जाणकार ठरतो!

या काठीला इंग्रजीत ‘क्लब’ म्हणतात. ज्या संस्थेत ती चालवायची तिलाही क्लबच म्हणतात, आणि दोन्हींची किंमत ऐकून सामान्य माणसाने घरी परतावे अशी व्यवस्था असते. दरवर्षी जानेवारीच्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या नव्या काठ्या बाजारात आणतात. ‘ड्रायव्हर’ म्हणजे पहिला लांब फटका मारण्याची काठी. तिची किंमत तिथे आता सहाशे डॉलरच्या घरात गेली आहे. आपल्या हिशेबाने जवळजवळ पन्नास हजार रुपये. एका पिशवीत नियमाने चौदा काठ्या चालतात, तेव्हा पुढचा गुणाकार वाचकांनी करावा. मग गुणपत्रिका निघतात. ‘गोल्फ डायजेस्ट’ हे मासिक 2004 पासून ‘हॉट लिस्ट’ काढते, आणि काठ्यांना चक्क सुवर्ण व रौप्य पदके देते. कामगिरीखेरीज नावीन्य, रूप, फटक्याचा आवाज, हाताला येणारा अनुभव यांनाही गुण असतात; एके काळी बाजारातील मागणीलाही होते. म्हणजे जी काठी जास्त मागितली जाते ती चांगली, आणि चांगली ठरली की आणखी मागितली जाणार! हे वर्तुळ ज्याने आखले त्याच्या कंपासपेटीचे कौतुक करावे तेवढे थोडे.

माझे मत स्पष्ट सांगतो. या गुणपत्रिकांतला बराचसा भाग पोकळ आहे. परंतु तो पहिल्यापासून पोकळ नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. पूर्वी ड्रायव्हरचे डोके पर्सिमन नावाच्या लाकडाचे असे. 1979 साली गॅरी ॲडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने ते पोलादाचे केले आणि गमतीने त्याला ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हटले. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. 1991 साली कॅलवेने पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेवरून नाव घेतलेली ‘बिग बर्था’ आणली. डोके मोठे झाले, पत्रा पातळ झाला, चेंडू मधोमध न लागता कडेला लागला तरी फारसा भरकटेना. जुन्या काठीवरून नव्या काठीवर आलेल्या माणसाला खरोखरच फरक कळत होता. हा सुधारणेचा काळ होता, आणि त्या काळात ‘नवी कोणती घ्यावी?’ या प्रश्नाला अर्थ होता.

पुढे काय झाले? पातळ पत्रा स्प्रिंगसारखा काम करू लागला. नियम करणाऱ्या संस्था जाग्या झाल्या. 2000 साली कॅलवेची ‘ईआरसी’ काठी अमेरिकेच्या संस्थेने नियमबाह्य ठरवली. ब्रिटनच्या संस्थेला मात्र तेव्हा ती चालत होती. आरनॉल्ड पामरसारख्या थोर खेळाडूने हौशी लोकांनी ती वापरायला हरकत नाही असे म्हटले तर त्याच्यावरही टीका झाली. शेवटी मर्यादा पक्की झाली. चेंडूच्या उसळीचे प्रमाण 0.83 च्या आसपास बांधले गेले, आणि 2004 पासून डोक्याचे आकारमानही 460 घन सेंटिमीटरच्या वर नेता येत नाही. आता सर्वच मोठ्या कंपन्या या भिंतीला पाठ लावून उभ्या आहेत. सगळ्यांची उंची सारखी असलेल्या रांगेत सर्वांत उंच कोण, याची स्पर्धा दरवर्षी भरते!

यावर कुणी म्हणेल, काठी चूक किती पोटात घालते यात अजून फरक आहे. आहे, नाही असे नाही. परंतु तो फरक वर्षावर्षाला तोळामासा असतो, आणि हौशी खेळाडूच्या दोन फटक्यांतला फरक मणाचा. यंत्रमानवाच्या हाती काठी देऊनही चाचण्या होतात. त्या प्रामाणिक असतात, पण यंत्राला आदल्या रात्रीचे जागरण नसते आणि शेजारी उभ्या साहेबाची भीतीही नसते. आणि 1930 साली बॉबी जोन्सने एका वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्या लाकडी दांड्यांवर, पोलादी दांडे मिळत असताना.

मग प्रश्न उरतो की काठी कुणी तोलायची? आपण सोलापूरकर या प्रश्नाचे उत्तर कापडाच्या बाबतीत केव्हाच देऊन बसलो आहोत. चादर घ्यायला बाहेरगावचा पाहुणा आला की तो लेबल वाचतो. आपली आई किंवा आजी चादर उलटी करते, चुरगळते, हातावर तोलते, धाग्याचा पीळ पाहते. आणि माग कसा आहे हे जाणून घ्यायचे झाले तर पूर्वभागातल्या विणकराला विचारतात. मागाच्या विक्रेत्याला नव्हे. विणकराचे पोट त्या मागावर असते, त्याच्या मताला वजन त्यामुळे येते.

गोल्फमधला असा विणकर म्हणजे कॅडी. दुसऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणारा. कोणत्या काठीने कुणाचा चेंडू कुठे जातो, हे त्याने हजारो वेळा पाहिलेले असते. साहेबाने नवी काठी आणली की पैसे फुकट गेले की सार्थकी लागले, हे साहेबाच्या आधी त्याला कळते. पण पदके देणाऱ्यांच्या यादीतही त्याचे नाव नसते, आणि काठी विकत घेणाऱ्यांच्याही नसते. अशाच कॅडींतून वर आलेल्या अली शेरने 1991 साली इंडियन ओपन जिंकली आणि 1993 साली पुन्हा जिंकली. बंगळूरच्या मुनियप्पाने 2009 साली तेच केले.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण मुंबईच्या चेंबूरचे आहे. तिथे 1927 साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे आणि जवळच इंदिरानगरची वस्ती. वस्तीतली कॅडी मंडळी आणि पोरे गल्लीबोळांत आपला स्वतःचा गोल्फ खेळतात. बांधकामाची लोखंडी सळई तापवायची, टोकाला वाकवायची, ठोकून चपटी करायची, मुठीला नळी चढवायची, की झाली काठी. चेंडू हलका, कारण कुणाच्या पत्र्यावर, कुणाच्या खिडकीवर तो आदळणार. 2023 साली ‘स्लम गोल्फ’ नावाची मालिकाही त्यावर निघाली. मला त्या गरिबीचे कौतुक करायचे नाही. सळईने खेळणे ही नाइलाजाची गोष्ट आहे आणि त्या पोरांना खऱ्या काठ्या व खरी हिरवळ मिळाली तर ती आनंदाने घेतील. मला एवढेच दिसते की ज्याने आपल्या हाताने सळई वाकवली, त्याला डोक्याचा कोन म्हणजे काय हे कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा चांगले ठाऊक आहे. कोन दोन अंशांनी चुकला तर चेंडू शेजारणीच्या घरात जातो, आणि शेजारीण जे गुण देते ते सुवर्ण-रौप्याच्या हिशेबात बसत नाहीत!

असो. गोल्फ लांबचा वाटत असेल तर क्रिकेटकडे पाहू. बॅट एका कारागिराकडून घडवून घ्यायची आणि तिच्यावर पैसे देणाऱ्या कंपनीचे स्टिकर चिकटवायचे, ही मोठ्या खेळाडूंतली रीत उघड गुपित आहे. आपली पोरे मात्र पेपरातला फोटो पाहून स्टिकर विकत घेतात. बॅट सोबत फुकट येते म्हणायचे. 2017 पासून बॅटच्या जाडीलाही नियमाने कुंपण पडले आहे, 67 मिलिमीटर खोली आणि 40 मिलिमीटर कड. म्हणजे इथेही भिंत आली आणि पाठ लावून उभे राहणे आले. यापुढे ‘नवे मॉडेल’ म्हणजे बहुधा नवा रंग.

आमच्या जिमखान्याला म्हणून एक सूचना करावीशी वाटते. साहित्य खरेदी करताना कोटेशन आणि नावाजलेली कंपनी हेच पाहिले जाते. सगळीकडेच तशी रीत आहे. एखाद्या वर्षी वेगळे करून पाहावे. दुकानदाराकडून चार-पाच बॅटी आठवड्यासाठी आणाव्यात, सगळ्यांवर कोरा कागद गुंडाळून नाव झाकावे, आणि नेटमध्ये ठेवाव्यात. संघातली मुले-मुली खेळतीलच. त्यांच्याबरोबर बार्शी-मोहोळच्या एस.टी.ने रोज येणारी, संघात न बसलेली पण सायंकाळी गाडी सुटेपर्यंत चेंडू टाकत राहणारी मंडळीही खेळवावीत. प्रत्येकाने चिठ्ठीवर क्रमांक लिहून पेटीत टाकावा. कागद सोडायचे ते आठव्या दिवशी, क्रीडाप्राध्यापकांच्या समोर.